राजासमोर वजीर

पडद्यावरचं शून्य नीट पाहिलं तर गोल नसतं. ते बारीक चौकोनी ठिपक्यांचं बनलेलं असतं, रुंदीपेक्षा उंच, आणि त्याचे चारही कोपरे कुणी नखानं खुडल्यासारखे दिसतात. हिरानं ते इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटूनही तिला ते काढता आलं असतं. 'चौसष्ट घरं' या बुद्धिबळाच्या ऑनलाइन मंडळाच्या पानावर डावीकडे लेखाचं नाव असायचं, मग लिहिणाऱ्याचं, आणि अगदी उजवीकडे, 'उत्तरे' या शब्दाखाली, तो आकडा. तिच्या लेखांपुढे शून्य. कधीमधी एक. एक असला की आत कुणीतरी 'वाचले. छान.' एवढंच लिहिलेलं असायचं, आणि ते वाचून तिला शून्यापेक्षाही जास्त एकटं वाटायचं. आज मात्र तिथं सत्तेचाळीस होते. आपण वरच्या नाहीतर खालच्या ओळीचा आकडा वाचतोय असं वाटून तिनं काचेवर बोट टेकवून ते डावीकडे सरकवत नेलं. ओळ तिचीच होती. लेख : एकट्या राजाचा बचाव. लेखक : बारकू_डोळखांब. तिनं टिचकी मारली, वाळूचं घड्याळ एकदा उलटं झालं, आणि शहापूरची लाईट गेली.

"गेली," सुनिल म्हणाला. सायबर त्याचं होतं. पूर्वी तिथं त्याच्या काकाचं पिठाच्या गिरणीचं दुकान होतं आणि कीबोर्डाच्या फटींतून अजून पीठ निघतं असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

"बॅटरी?"

"बॅटरी ह्या महिन्यात फक्त ओरडते, ताई. काम करत नाय." टेबलाखालून ती खरंच ओरडत होती. त्यानं वाकून तिला गप्प केलं. "बसा. आज शनिवार, आज लवकर सोडतात."

"मागच्या शनिवारी पण असंच म्हणालास."

"मागच्या शनिवारी मॅच होती. मॅच असली की मुद्दाम सोडत नाय." तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. पंख्याची पाती हळूहळू थांबली. रस्त्यावरून किन्हवलीच्या जीपवाल्याची हाळी ऐकू येत होती. हिरा खुर्चीतच बसून राहिली, काळ्या झालेल्या काचेत स्वतःच्या कपाळाचा पुसट आकार पाहत. सत्तेचाळीस. एवढी माणसं कौतुक करायला एकत्र येत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती शहापुरात पाण्याच्या तपासणीच्या एका लहानशा प्रयोगशाळेत काम करायची. गावोगावच्या विहिरींचं, हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून यायचं, कधी तिला स्वतःला शेणव्यापर्यंत नाहीतर त्याच्याही आत जाऊन भरून आणावं लागायचं, आणि मग ते पाणी तिच्या टेबलावर थेंबाथेंबानं आपलं काय ते सांगायचं. एकेक गोष्ट वेगळी करून पाहायची तिला सवय होती. लेखांचंही तिनं तसंच केलं होतं. वर्षभरापूर्वी या मंडळात आली तेव्हा तिनं डावाच्या सुरुवातीवर एक लांब लेख लिहिला, रोमन अक्षरांत मराठी, रेघा आणि टिंबं जोडून पटाची आकृतीसुद्धा काढली. शून्य. पुढचा लेख तिनं आखूड केला, बाकी सगळं तसंच ठेवून. शून्य. मग तेवढ्याच लांबीचा लेख शनिवारऐवजी आठवड्याच्या मधल्या दिवशी टाकला. मग शेवटी एक प्रश्न जोडला : तुम्हाला काय वाटतं? कुणालाच काही वाटलं नाही. त्याच पानावर कुणीतरी 'हत्ती बरा की उंट?' अशी एक ओळ टाकायचा आणि त्याखाली माणसं दिवसभर भांडायची. हिराला त्यांचा रागही येत नसे. तिला फक्त कळत नसे की आपल्या लिहिण्यात कुठला क्षार कमी पडतो. लेख बिनचूक असत. कदाचित तेच असेल, तिला मध्येच वाटून जाई. बिनचूक गोष्टीला कुणी हात कुठं लावायचा?

आणि आता सत्तेचाळीस. तिनं डोळे मिटून तो लेख मनात पुन्हा मांडायला घेतला. गेल्या शनिवारी लिहिला होता. त्या दिवशी ती सकाळपासून नमुने गोळा करत फिरली होती, पाय ठणकत होते, आणि सायबरात येऊन बसल्यावर पुस्तकातलं काही शोधायचा कंटाळा आला म्हणून तिनं एक जुनी स्थिती लिहून काढली, जी तिला कुठल्याही पुस्तकाशिवाय येत होती. पांढरा राजा कोपऱ्याजवळ. त्याच्या मागं काळा हत्ती, तिरका उंट, पुढं प्यादं. सगळ्या वाटा बंद, असं वाटतं. पण नाही. तिनं लिहिलं होतं की इथं घाबरून डाव सोडू नये, इथं एक वाट राहते. बोटं आपोआप चालली होती. राजा इथून उठतो आणि... हिराचे डोळे उघडले. राजा इथून उठतो आणि घोड्यासारखा अडीच घरं उडून बाहेर पडतो.

राजा असा उडत नाही. जगातल्या कुठल्याही पुस्तकात राजा असा उडत नाही, आणि ही गोष्ट तिला पंधरा वर्षांपासून माहीत होती. ज्या दिवशी कळली त्या दिवसाचा वासही तिच्या नाकात होता, ओल्या शाळेच्या सतरंज्यांचा. तरीही बोटांनी ते लिहिलं. बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बापानं, बारकूनं, तिला खेळ शिकवला तेव्हा ती पाटीवर अक्षरं काढायलाही शिकली नव्हती. बारकू तरुणपणी भातसाच्या धरणावर दगड वाहायला गेला होता. तिथं कुठून कुठून आलेली माणसं होती, आणि साताऱ्याकडचा एक गवंडी जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या सुकलेल्या लादीवर कोळशानं चौसष्ट घरं आखायचा. धरण पुरं झालं, धरणापाशी नगर वसलं, गवंडी निघून गेला. बारकू डोळखांबच्या पुढं आपल्या पाड्यावर परत आला तो हा खेळ घेऊन. सागाच्या फांदीतून त्यानं पटावरची सगळी मोहरी कोरली. अर्धी तशीच ठेवली, अर्धी चुलीच्या काजळीत तेल घालून माखली, आणि ती काजळी कधी नीट सुकलीच नाही. काळ्यांनी खेळणाऱ्याची बोटं ओळखू यायची. उंट त्यानं पाहिलेला नव्हता. म्हणून त्यानं बैल कोरून त्याला मोठं वशिंड दिलं होतं. हिराला घरी हिरीच म्हणत. ती त्याला बरेच दिवस बैलच म्हणायची, आणि बाप म्हणायचा, बैल म्हण, पण चालव तिरका. पावसाळ्यात भाताची आवणी उरकल्यावर, उन्हाळ्यात मोहाची फुलं वाळत पडलेली असताना, दोघं ओटीवर समोरासमोर बसायची. पाड्यावरची माणसं येऊन उभी राहायची. बारकूचे नियम गवंड्याचे नियम होते. प्यादं एकेकच घर सरकायचं. राजाला सबंध डावात एकदा, फक्त एकदा, घोड्याची उडी घेता यायची. बाप म्हणायचा, "राजा झाला म्हणून काय, जीव वाचवायला एकदा तरी उडी मारणारच की." आणि प्याद्यानं मात केली तर ती सगळ्यात मोठी जीत, मग हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला भाजलेल्या वालाची ओंजळ द्यायची. हिरीचा परकर सदा वालानं भरलेला असायचा. जगात दुसरे नियम असतील हे तिला तेव्हा कोण सांगणार?

मग ठाण्याची स्पर्धा. ती तेरा वर्षांची होती, आश्रमशाळेच्या मास्तरांनी नाव दिलं, बाप सोबत आला, नवी टोपी घालून. पहिले दोन डाव तिनं अशा मुलींशी खेळली ज्यांना मोहरी धरताही येत नव्हती. तिसऱ्या डावात समोर दोन वेण्यांची एक शांत मुलगी होती. तिनं हिरीच्या राजाला कोपऱ्यात कोंडलं. हिरीला आनंद झाला होता, ते तिला आठवत होतं. उडी राखून ठेवल्याचा आनंद. तिनं राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडं ठेवला. त्या मुलीनं पटाकडे पाहिलं, मग हिरीकडे, आणि हात वर केला. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आले. त्यांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. मग कळलं की करत नाही. तेव्हा ते हसले, दुष्टपणानं नाही, पण आसपासच्या चार टेबलांना ऐकू जाईल असं, आणि म्हणाले, "कोणी शिकवलं तुला हे?"

तिनं मान वळवली. दारात बाप उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याला ऐकू गेलं की नाही हे तिला कधीच कळलं नाही. एसटीत त्यानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "हरले." कसाऱ्याच्या बाजूचे डोंगर दिसायला लागले तरी दोघं बोलली नाहीत. पुढच्या रविवारी त्यानं पट काढला आणि विचारलं, "मांडू?" ती म्हणाली, "नको बा. अभ्यास हाय." अभ्यास खरंच होता. पुढं दहावी आली, मग कल्याणला राहून बी.एस्सी., मग नोकरी. बाप प्रत्येक वेळी ती घरी आली की एकदाच विचारायचा, "मांडू?" आणि ती काहीतरी काम सांगायची. पुस्तकांतले नियम तिनं एकटीनं शिकून घेतले, कल्याणच्या वाचनालयात, आपण काहीतरी दुरुस्त करतोय अशा भावनेनं. पण त्या नियमांनी तिला कुणाशी खेळावंसं वाटलं नाही. ती फक्त लिहायची. आणि दर सुट्टीला डोळखांबच्या एसटीत बसली की ठरवायची : आज त्यानं विचारलं की मांडा म्हणायचं. तो शब्द तोंडाशी यायचा आणि विरून जायचा. प्रयोगशाळेत तपासणीच्या बाटलीत औषधाचा थेंब पडला की पाणी क्षणभर गुलाबी होतं आणि हलवलं की परत बिनरंगी, अगदी तसं. रंग टिकायला नेमका कितवा थेंब लागतो, हे आधी सांगता येत नाही. गेल्या दोन वर्षांत बापानं विचारणंही सोडलं होतं.

मंडळात नाव नोंदवताना तिला नाव सुचेना, तेव्हा तिनं 'बारकू_डोळखांब' लिहिलं. का, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. "बघा," पायरीवरून सुनिल म्हणाला, "आज मॅच नाय." संगणक चालू व्हायला वेळ घेत होता. हिराच्या मनात आलं, उठून जावं. नोंद पुसून टाकता येते. बारकू_डोळखांब हा माणूस एका टिचकीनं नाहीसा होईल आणि हसणारे कुणाला हसतायत हेच त्यांना कळणार नाही. तिनं पर्सही खांद्याला लावली होती. मग पान उघडलं.

पहिलं उत्तर 'रेटिंगवाला' नावाच्या कुणाचं होतं, जो स्वतःच्या रेटिंगचा आकडा प्रत्येक वाक्याखाली लिहायचा. 'राजा घोड्यासारखा उडाला. ही सर्कस आहे का?' त्याखाली : 'बारकूशेठ, तुमच्या राजाला पंख फुटले.' त्याखाली हसण्याच्या खुणा, एकाखाली एक. हिरा वाचत गेली. तेरा वर्षांच्या मुलीचा तो दिवाणखान्यासारखा मोठा हॉल पुन्हा तिच्याभोवती उभा राहिला. मग मंडळ चालवणाऱ्या सूत्रधाराचं : 'लेखात ढोबळ चूक आहे. लेखकाने खुलासा करावा.' आणि मग, त्याच्या खाली, 'जुना हत्ती' या नावानं लिहिणाऱ्या वाईच्या कुणा निवृत्त गृहस्थाचं.

'चूक नाही. माझे वडील असेच खेळत. राजाला डावात एकदा घोड्याची चाल. हा आपला देशी खेळ आहे. मी हे पन्नास वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं. बारकूभाऊ, तुम्ही कुठले?'

हिरानं पर्स खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली. पुढचं उत्तर 'मुरबाडचा घोडा' याचं होतं. 'उडी असते हे खरं. पण शह बसायच्या आधी. एकदा शह बसला की उडी गेली. शहापूरवाल्यांना नियम अर्धेच पोचले, ही जुनी गोष्ट आहे.' त्याला शेणव्याच्या नवशा नावाच्या माणसानं लगेच धरलं होतं : 'मुरबाडनं आमाला शिकवू नये. शह नसताना उडी कशाला मारायची, व्यायामाला?' मुरबाडनं उत्तर दिलं, 'शह बसल्यावर उडी मारतो तो राजा नाय, बेडूक.' नवशा : 'तुमच्याकडं राजा मरतो आणि आमच्याकडं जगतो, एवढाच फरक हाय दोस्ता.' हिराला हसू आलं, आवाज करून. सुनिलनं पायरीवरून मान वळवली. ती पुढं वाचत गेली. अकोल्याच्या एकानं लिहिलं होतं की त्याची आजी दुपारी शेजारणीशी खेळायची आणि वजिराला प्रधान म्हणायची. बेळगावच्या कुणाकडं शेवटचं उरलेलं मोहरं मारायचं नाही असा नियम होता, राजाला अगदी एकटं करू नये म्हणून. कुणी लिहिलं होतं, प्याद्यानं मात झाली की आमचे आजोबा गल्लीत गूळ वाटत. एकानं चार ओळी लिहून शेवटी म्हटलं होतं, मी हे घरी कधी बोललो नाही, मला वाटायचं आमच्याच घरचे लोक चुकीचं खेळत. हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. आणि बरंच खाली, रेटिंगवाला परत आला होता, आकडा न लावता : 'कोणी सगळे नियम एकत्र लिहून देईल का? भावाशी खेळून बघायचं आहे.'

शेवटची दोन उत्तरं आजची होती. सूत्रधारानं लिहिलं होतं : 'चर्चा चांगली चालली आहे, पण लेखकाचा पत्ता नाही. बारकू_डोळखांब यांनी सोमवारपर्यंत सांगावं, ही चूक होती की वेगळा नियम. चूक असेल तर लेख निघेल, आणि लेख निघाला की त्याखालचं सगळं निघतं, त्याला माझा इलाज नाही.' आणि जुना हत्ती : 'बारकूभाऊ, सोमवारच्या आधी एक सांगा. घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं घोडा झालं की लगेच एक उडी घेतं, की पुढच्या चालीची वाट बघतं? आमच्याकडे यावरून भांडणं होत. मी लहान होतो, लक्षात राहिलं नाही, आणि आता विचारायला कुणी नाही. आणि तुम्हाला हे कोणी शिकवलं?'

तोच प्रश्न. अक्षरंसुद्धा जवळपास तीच. हिरा त्याच्याकडे पाहत राहिली. पटावरचं एखादं घर दोन बाजूंनी वेगळं दिसतं तसा तो तिला या बाजूनं वेगळा दिसत होता, आणि तरी उत्तराच्या चौकोनात बोटं टेकवल्यावर तिला एक अक्षरही लिहिता येईना. प्याद्याचं उत्तर तिला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाचं माहीत होतं.

"झालं का ताई?" सुनिलनं विचारलं. "कुणाशी बोलत होतात एवढं हसून?"

"मुरबाडच्या एका घोड्याशी," ती म्हणाली. सुनिलनं पैसे लाईट नसलेल्या वेळाचे धरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसली. भात कापून झालेल्या खाचरांत वाल उगवला होता, हिरव्या बुटक्या ओळींनी. काही घरांना कुलपं होती. माणसं कामाला भिवंडीकडे, वीटभट्ट्यांवर गेलेली. तिनं आज काही ठरवलं नाही. ठरवल्यावर होत नाही हे तिनं पुरेशा वेळा पाहिलं होतं. फक्त एक प्रश्न विचारायचा आहे, असं ती स्वतःला सांगत होती, दुसऱ्याचा, परक्या म्हाताऱ्याचा प्रश्न, निरोप पोचवावा तसा. विचारायचा आणि उत्तर घेऊन परत यायचं. सोमवारी काय लिहायचं ते सोमवारी. 'चूक' हा एक शब्द लिहिला तर सगळं संपतं. अकोल्याची आजी, बेळगावचा एकटा न केलेला राजा, नवशा आणि मुरबाडचा घोडा, सगळे त्या एका शब्दाखाली निघून जातील. तो शब्द लिहायला सोपा होता. तेराव्या वर्षापासून तिला तो पाठ होता.

आई अंगणात नाचणी पाखडत होती. गुणाबाईनं सूप न थांबवता तिच्याकडे पाहिलं. "आली का बाई. वाळलीस."

"मागच्या वेळी जाडी झालीस म्हणालीस."

"मागच्या वेळेला जाडीच व्हतीस." सूप पुन्हा फिरलं. "बाप बसलाय बघ आत. गुडघा धरून. मी म्हणते दोन शब्द बोल माणसासारखा, तर नाय. तू आलीस की दोघं मुकी. आमच्या कोंबड्या जास्त बोलतात."

बारकू ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. कपाळ रुंद झालं होतं, हात मात्र तेच, लाकडाच्या रंगाचे. तिनं पाणी घेतलं, पिशवीतून त्याच्यासाठी आणलेलं तेल काढून ठेवलं, गुडघ्याचं विचारलं. मग, भांडं खाली ठेवता ठेवता, जणू सहज, म्हणाली, "बा, प्यादं घोड्याच्या घरात गेलं की घोडा व्हतं ना आपल्याकडं?"

त्यानं लगेच वर पाहिलं नाही. "व्हतं."

"मग त्याला उडी तवाच मिळते का मागनं?"

"कोण विचारतं?"

"वाईचे एक म्हातारे हायत. संगणकावर. त्यांना आठवत नाय."

"वाई," तो म्हणाला. "गवंडी तिकडचाच व्हता. त्या अंगचा." मग त्यानं डोळे बारीक केले, बोटं हवेत जराशी हलवली, आणि थांबला. "असं नाय सांगता यायचं गो. हाताला म्हाइत हाय, तोंडाला नाय. मांडाया लागंल."

बाहेर सूप थांबलं होतं. हिराला ते थांबलेलं ऐकू आलं. ती काहीच बोलली नाही, आणि न बोलणं हे उत्तर आहे असं समजून बारकू भिंतीचा आधार घेत उठला, माळ्याजवळच्या खुंटीवरची पिशवी काढली आणि फळी खाली ठेवली. मोहरी तीच होती. काळ्यांची काजळी अजून सुकली नव्हती. बैलाचं वशिंड घासून गुळगुळीत झालं होतं, म्हणजे ती इतकी वर्षं पडून नव्हती. कुणीतरी त्यांच्याशी खेळत होतं. तो एकेक मोहरं ठेवत गेला, आधी तिच्या बाजूचं, मग आपलं. हत्ती, घोडा, बैल. वजीर. राजा. हिरा नुसती पाहत होती, आणि मग तिला काहीतरी खटकलं. मांडणी चुकली म्हणून नव्हे. राजासमोर राजा उभा होता.

आपल्या खेळात राजासमोर वजीर येतो. गवंड्यानं तसंच शिकवलं होतं. बाप म्हणायचा, राजानं राजाचं तोंड बघू नये. राजासमोर राजा पुस्तकात असतो. ठाण्याच्या त्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलावर होता, आणि तेव्हा तिनं ते पाहूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"बा, ही मांडणी कुठली?"

"भायरची." तो शेवटचं प्यादं सरळ करत म्हणाला. "शाळेवरच्या मास्तराला इचारलं मी ठाण्याला तवाच. तो म्हणला, बारकू, आपली चाल तिकडं चालत नाय. त्याच्याकडनंच शिकलो मग. प्यादं पयल्यांदा दोन घरं जातं. राजा उडत नाय, हत्तीच्या आड लपतो. बराच वेळ लागला. महिपत येतो पलीकडच्या पाड्यावरनं, त्याला पण शिकवली." त्यानं हात पुसले. "म्हटलं तू कधी बसलीस, तर परत चुकीचं नको शिकवायला."

हिराला एसटीतला तो पाच तासांसारखा वाटलेला गप्प प्रवास आठवला, आणि त्यात टोपी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहणारा माणूस. त्यानं ऐकलं होतं. ऐकून तो घरी आला होता, आणि जे त्याच्या हातांना येत होतं ते बाजूला ठेवून, मास्तरांपुढं पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला होता, तिच्यासारखाच. ती कल्याणच्या वाचनालयात आणि तो या ओटीवर, एकाच वेळी एकच गोष्ट पाठ करत, एकमेकांना न सांगता. दोघांनाही ती गोष्ट कुणाशी तरी खेळायची होती म्हणून. तिच्या छातीत काहीतरी मोकळं, हलकं होत चाललं होतं, जणू वर्षानुवर्षं धरून ठेवलेली उडी अजून शिल्लक आहे हे आत्ताच लक्षात यावं.

"मग त्या चालीत प्याद्याचा घोडा झाला की?" तिनं विचारलं.

"त्या चालीत काय पण व्हतं. वजीर पण व्हतं. मजा नाय." तो थोडा हसला. "आपल्या चालीत..." त्यानं एक प्यादं उचललं, शेवटच्या ओळीत घोड्याच्या घरात टेकवलं, आणि हात आपोआप, न थांबता, तिथून अडीच घरं उडून बाहेर आला. दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं. "लगीच," बारकू म्हणाला, स्वतःलाच नवल वाटल्यासारखा. "लगीच मिळते. सांग म्हाताऱ्याला." मग त्यानं प्यादं परत जागेवर ठेवलं. "पण ती जुनी चाल. चुकीची ना ती, हिरे?"

दाराच्या चौकटीत गुणाबाई सूप कमरेला लावून उभी होती. हिरा फळीसमोर बसली, मांडी घालून, लहानपणी बसायची तशी. तिनं आपल्या बाजूचा काळा राजा उचलला, वजीर उचलला, आणि दोघांच्या जागा बदलल्या. बोटांना काजळी लागली. आता त्याच्या राजासमोर तिचा वजीर होता. बारकूनं त्या मांडणीकडे पाहिलं, मग तिच्या काळ्या झालेल्या बोटांकडे. थेंब पडला होता, आणि या वेळी रंग विरला नाही.

"चुकीची नाय, बा," ती म्हणाली. "ती आपली चाल हाय, आणि इथनं पुढं मी हीच खेळणार. कोणी शिकवलं म्हणून विचारतात तिकडं, तर उद्या तुमचं नाव लिहिते. चला, पयली चाल तुमची."